चिकूचं आडनाव

घोलवडच्या आमच्या वाडीवर येऊन चिकू खाऊन जाणाऱ्या समस्त नातेवाईक मंडळींना आज जरा शास्त्रीय डोस. चिकूचं कागदोपत्री नाव आहे मणिलकारा झपोटा. बरेच दिवस मला ते नुसतं अवघड वाटायचं. मग हळूहळू एकेक शब्द सुटा केला आणि लक्षात आलं, की या एका नावात दोन खंड बसलेत!

ही दुहेरी नावाची पद्धत रुळवली स्वीडनच्या लिनियसने, १७५३ सालच्या पुस्तकात. शाळेच्या हजेरीपटासारखी: आडनाव आधी, नाव नंतर. आडनाव प्रजातीचं, नाव जातीचं. चिकूला त्याने 'ॲक्रास' हे आडनाव दिलं, जे ग्रीक भाषेत रानटी नाशपातीचं नाव होतं. 'झपोटा' मात्र मेक्सिकोतलं, तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'त्सापोत्ल'वरून आलेलं. आपला 'चिकू'सुद्धा त्याच मुलखातला. या झाडाच्या चिकाला तिथे 'चिकले' म्हणतात, च्युइंगगम आधी त्याचंच करत. (आपल्या 'चीक' या शब्दाशी याचा काही संबंध नाही. मला फार वाटत होतं असावा!)

आता 'मणिलकारा'. १९५३ साली व्हान रॉयेन या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने चिकूला ॲक्रासमधून उचलून मणिलकारा प्रजातीत टाकलं. अशा वेळी आडनाव बदलतं, पण जातीचं नाव तेच ठेवावं लागतं. (आपल्याकडे लग्नात मुलीचं नावही बदलून टाकायचे, वनस्पतिशास्त्र त्यापेक्षा बरं.) पहिलं नाव ठेवणाऱ्याचाही मान राहतो. लिनियस कंसात, व्हान रॉयेन कंसाबाहेर.

मणिलकारा हा शब्द मल्याळी. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ काढला, 'हॉर्टस मलबारिकस', ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेला. त्यात एका झाडाचं हे स्थानिक नाव होतं. १७६३ साली फ्रान्सच्या ॲदान्सोंने ते प्रजातीचं नाव म्हणून उचललं. म्हणजे मेक्सिकोच्या झाडाला केरळचं आडनाव. त्या ग्रंथासाठी झाडं ओळखून देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही. या तिघांचं १६७५ सालचं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. झाडांच्या नावांत मात्र ऱ्हेडेच्या नावाची झाडं सापडतात, या वैद्यांची मला तरी कुठे भेटली नाहीत.

असो. वाडीवाल्याच्या दृष्टीने गंमत पुढेच आहे. आपल्याकडे चिकूचं कलम करतात ते खिरणीच्या खुंटावर. खिरणी म्हणजे रायण, उन्हाळ्यात पिवळी गोड फळं देणारी. हिचं शास्त्रीय नाव आता मणिलकारा हेक्झँड्रा, म्हणजे चिकूची सख्खी चुलत बहीण. पण फळबागांची जुनी पुस्तकं उघडा: चिकू ॲक्रास, खिरणी मिम्युसॉप्स, आडनावं वेगळी, आणि त्याच वाक्यात 'एकाचं दुसऱ्यावर कलम करावे' असा सल्ला! कलम तर होत होतं. भेटकलम बांधणारा माळी दोन साली एकमेकींना धरतात की नाही एवढंच बघायचा. खुंटाला फुटवा आला तर टोकाला खाच असलेल्या बारक्या पानावरून तो खिरणी ओळखतो आणि छाटतो. माझ्या मते हेही वर्गीकरणच, फक्त कुठे छापलं गेलं नाही.

चिकू, खिरणी, बकुळ हे सगळे एकाच कुलातले. कुल म्हणजे प्रजातींच्या वरची पायरी. त्याचं नाव सॅपोटेसी, पुन्हा तोच मेक्सिकोचा शब्द. आणि याच कुलात आहे मोह! डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवरचा मोह. घोलवडला चिकूची लागवड १८९८ ची, असं कृषीच्या पुस्तकांत असतं. मोह त्याच्या कितीतरी आधीपासून इथे उभा, पण आंतरराष्ट्रीय हजेरीपटावर तो पाहुण्याच्या घराण्यात. मराठी वनस्पतिशास्त्राने मात्र सॅपोटेसीला 'मधूक कुल' म्हटलं. मधूक म्हणजे मोह. हे मला फार आवडलं.

मोहाच्या आडनावाची वेगळीच कथा. लिनियसचा शिष्य कोनिग तरंगमबाडीला डॉक्टर होता. त्याने मोहाला दिलेलं 'बॅसिया' हे नाव १७७१ साली छापून आलं, इटलीतल्या बोलोन्याच्या वनस्पती उद्यानाच्या बास्सीवरून. बास्सीचा आणि मोहाचा काय संबंध? पण तेच चाललं. कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातही (१९०१ ते १९०८) मोह बॅसियाच आहे. अडचण एकच होती, १७६६ सालीच दुसऱ्या एका वनस्पतीला बॅसिया नाव देऊन झालं होतं. वनस्पतींत एक नाव दोन प्रजातींना चालत नाही, पहिल्याचा हक्क. त्यामुळे ग्मेलिनने १७९१ साली संस्कृतवरून ठेवलेलं 'मधुका' वर आलं आणि १९१८ साली मॅकब्राइडने आजचं मधुका लाँगिफोलिया हे नाव जुळवलं. न्याय मोहाची बाजू घेऊन कोणी केला नाही, केवळ नियमामुळे झाला.

सरकारी कागदात हे झाड तिसऱ्याच नावाने होतं, 'म्हवरा'. १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांकरता. डहाणू तेव्हा ठाण्यात. घरच्या दारूमुळे अबकारीचं उत्पन्न बुडतं हे कारण. झाडाखाली पडलेली फुलं वेचून घरात सुकवून ठेवणारी बाई, जिच्या घरात टंचाईत तीच फुलं शिजायची, ती या कायद्याच्या कक्षेत आली. कुकचा ग्रंथ छापला जात होता तेव्हा या झाडाचं लॅटिन नाव चुकीचं होतं, पण कायद्यातल्या नावाबद्दल कोणाला शंका नव्हती.

चिकूला २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. आता दुसऱ्या मुलखाचा चिकू या नावाने विकता येत नाही. आम्हा वाडीवाल्यांना त्याचा आनंद आहेच, मीही पेटीवर ते नाव बघून खूश होतो. मोह आमच्या वाडीच्या कुंपणाबाहेर आहे. चैत्रात पहाटे पाड्यावरच्या बायका फुलं वेचायला येतात, तेव्हा वाडीत चिकूची तोडणीही चालू असते.