किनाऱ्यावरचा दगड जीवाश्म आहे का? असा ओळखा

ओहोटीला वेगळा दगड दिसला की ‘डायनासोरचं अंडं’ म्हणून फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. आधी दगड कुठला ते बघा.

काळा कातळ : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. यातली गोल भोकं वायूच्या बुडबुड्यांची. कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल झालेला कातळ म्हणजे अंडं नव्हे. झाडासारखी काळी नक्षी दिसली तर तीही बहुधा खनिजाची.

जांभा : कातळ झिजून बनलेला. यातली भोकंही जीवाश्म नाहीत. मात्र रत्नागिरी, सिंधुदुर्गात काही ठिकाणी जांभ्याखाली खोल खणताना काळी चिकणमाती, कोळसा झालेलं लाकूड, पानांचे ठसे लागतात. ते खरे जीवाश्म.

करळ : वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून झालेला दगड. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात समुद्राकडे उतरते थर दिसतात. लिंबू पिळलं की फेस येतो. पण कातळातल्या काही पांढऱ्या खड्यांवरही फेस येतो, म्हणून शिंपल्याचा आकार, त्यावरच्या रेषा बघाच. वय काही हजार वर्षं, म्हणजे डायनासोरशी संबंध नाही.

पूर्वी बांधकामाला करळ काढत. पण हा थर लाटांचा मार अंगावर घेतो. तो फोडला तर मागची वाळू आणि माडाची जमीन धोक्यात येते. सीआरझेड नियमांनुसारही किनाऱ्यावरचा दगड काढायला बंदी आहे.

काही सापडलं तर उचलू नका, फोडू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन जपून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला दाखवा. ‘अंडं’ म्हणून कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका.