कोयलीचा कालवा आणि दाखवण्याची विद्या

आपल्याकडे राजांचा इतिहास आहे, देवळांचा आहे, नाटकमंडळ्यांचाही आहे. केराचा इतिहास मात्र कोणी लिहायला घेत नाही. खरे तर घराघरातला केर कुठे जातो, तो कोणाला दिसतो आणि कोणाला दिसत नाही, यावरून एखाद्या काळाची जेवढी ओळख पटते तेवढी शिलालेखांवरूनही पटत नसावी. गोव्यातल्या मराठी वाचकाला बडोदे म्हटले की सयाजीराव महाराज आठवतात, फैयाझ खाँसाहेब आठवतात. बडोद्याच्या वेशीजवळचे कोयली हे गाव फारसे कोणाला आठवणार नाही. पण आपल्या स्वयंपाकघरातल्या सुक्या कचऱ्याच्या बादलीची वंशावळ शोधत निघालो तर ती वाट कोयलीवरूनच जाते.

गुजरातेत अंकलेश्वरला खनिज तेल लागले आणि ते शुद्ध करायला कारखाना हवा झाला. 1961 मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, 10 मे 1963 रोजी पंडित नेहरूंनी कोयलीला पायाभरणी केली, 1965 मध्ये पहिला विभाग सुरू झाला आणि 1966 मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला. पुढे त्याची क्षमता वाढत वाढत वर्षाला 1 कोटी 37 लाख टनांपर्यंत गेली. तेल शुद्ध करताना नाफ्था नावाचा एक हलका द्रव निघतो. त्याच्यापासून प्लास्टिकचा कच्चा माल तयार होतो. म्हणून 1969 मध्ये शेजारीच इंडियन पेट्रोकेमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सत्तरीच्या दशकाअखेर तिथे नाफ्थाचे विघटन करणारा मोठा प्रकल्प चालू झाला. देशात ज्या मोजक्या ठिकाणी प्लास्टिकचे युग घडले, त्यांतले हे एक महत्त्वाचे ठिकाण.

त्यापूर्वीचा आपला केर आठवून पाहा. केळीची पाने, नारळाची शेंडी, करवंट्या, माशांचे खवले, चुलीतली राख, आंगणातला पातेरा. पोरसात माडाच्या मुळाशी एक खड्डा असायचा आणि घरातले सगळे त्यात जायचे. त्याला 'व्यवस्थापन' म्हणावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. केर दिसत होता, कुजत होता आणि माडाला लागत होता. पुढे दुधाची पिशवी आली, तेलाची आली, शॅम्पूची पुडी आली. खड्डा तोच राहिला, पण त्यात पडलेले कुजेनासे झाले. आपल्या सवयी मात्र जुन्याच. टाकले की संपले!

'टाकले की संपले' ही समजूत घरापुरती नव्हती, कारखान्यांचीही तीच होती. बडोद्याच्या परिसरातल्या कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेण्यासाठी 1983 मध्ये एक कालवा सुरू करण्यात आला. कोयलीच्या परिसरातल्या धनोरा गावापासून तो निघतो आणि सुमारे 55 किलोमीटर जाऊन जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ, महीच्या मुखापाशी, खंबातच्या आखाताला मिळतो. प्रक्रिया केलेलेच पाणी त्यात सोडायचे असा नियम. एक गोष्ट मान्य केली पाहिजे की, जवळच्या ओढ्यानाल्यांत विष सोडण्यापेक्षा हे बरे होते. पण कालव्याकाठच्या विहिरींच्या पाण्याबद्दल तक्रारी होत राहिल्या आणि प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. शहरात राहणाऱ्या माणसाला मात्र या कालव्याचे अस्तित्वही जाणवत नाही. घाण नजरेआड नेण्याची ही विद्या त्या काळात प्रगतीचे लक्षण समजली जात होती.

गंमत अशी की, याच महीच्या मुखाचा एक वेगळा धागा बडोद्याच्या संग्रहालयात आहे. सयाजीबागेतल्या त्या वस्तुसंग्रहालयाची इमारत 1894 मध्ये पूर्ण झाली. तिथे निळ्या देवमाशाचा एक प्रचंड सांगाडा आहे. हा देवमासा 1944 मध्ये महीच्या मुखात वाहून आला होता. मी त्या सांगाड्याखाली बराच वेळ उभा होतो. आजूबाजूला गुजराती, मराठी, हिंदी बोलणारी कुटुंबे, कडेवरची पोरे, आणि सगळ्यांच्या माना वर. समुद्राने महीच्या तोंडाशी आणून टाकले ते शहराने उचलून दिवाणखान्यात मांडले. चाळीस वर्षांनी शहराला जे नकोसे होते ते त्याच तोंडाशी नेऊन सोडले. एक गोष्ट दाखवायची, दुसरी लपवायची. या दोन वृत्तींमध्ये या लेखाचा सगळा विषय आला.

दाखवण्याची विद्या बडोद्याला नवी नव्हती. सयाजीराव 1906 मध्ये अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून थक्क झाले आणि 1910 मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यात आणले. त्यानंतर जे ग्रंथालय खाते उभे राहिले त्यात 'दृश्य शिक्षणा'ची एक वेगळी शाखा होती. आपल्या कुडाळची आठवण करून देणाऱ्या आडनावाचे जनार्दन सखाराम कुडाळकर हे बोर्डेननंतर या खात्याचे प्रमुख झाले आणि 1919 मध्ये त्यांनी या चळवळीवर पुस्तकही लिहिले. या शाखेची माणसे गावोगाव जादूचा कंदील आणि सिनेमाचे यंत्र घेऊन जात आणि फुकट खेळ दाखवत. वाचता न येणाऱ्यालाही जग दिसले पाहिजे, ही त्यामागची कल्पना. त्यांच्याकडे स्टिरिओस्कोपही होते. एकाच दृश्याची किंचित वेगळी अशी दोन चित्रे दोन डोळ्यांसमोर धरली की सपाट चित्राला खोली येते. ते यंत्र ज्याचे त्याने हातात धरून डोळ्याला लावायचे. आज ज्याला आपण 'इंटरॅक्टिव्ह' प्रदर्शन म्हणतो, त्याचे बीज मला त्या लाकडी यंत्रात दिसते. पाहणाऱ्याने स्वतः काही केल्याशिवाय चित्र उभेच राहत नाही.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. 2015 मध्ये स्मार्ट सिटी योजना जाहीर झाली. 2016 मध्ये तिच्यात पणजीची निवड झाली आणि त्याच वर्षी बडोद्याचीही. 31 मार्च 2025 रोजी ही योजना संपली, पण तिच्या काळात देशभर बसवलेली यंत्रे राहिली. त्यांचे काम समजायला अवघड नाही. घराच्या दाराला किंवा फाटकाला एक लहान पट्टी लावतात, रेडिओ लहरींनी ओळखता येणारी किंवा क्यूआर कोडाची. कचरा न्यायला येणारा कामगार हातातल्या यंत्राने ती टिपतो. कोणते घर, किती वाजता, कुठे, हे तत्क्षणी मुख्य संगणकात नोंदले जाते. गाडीवर जीपीएस असते, त्यामुळे ती ठरल्या रस्त्याने गेली की चहाच्या टपरीवर थांबली हेही कळते. हे सारे एका नियंत्रण कक्षात भिंतभर पडद्यावर दिसते. घर झाले की हिरवा ठिपका, राहिले की लाल.

यात काही उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. पूर्वी 'गाडी आलीच नाही' असे गृहिणीने सांगायचे आणि 'आली होती' असे मुकादमाने सांगायचे, आणि वाद तिथेच संपायचा. आता निदान नोंद असते. पण पट्टीला काय कळते? दारापर्यंत माणूस आला एवढेच. बादलीत ओले-सुके वेगळे होते की माशाच्या पाण्यात कागद भिजले होते, हे तिला कळत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करण्याचे बंधन घातले. आपल्या शहरांत कचऱ्याच्या वजनाचा निम्म्याहून मोठा भाग ओला असतो. म्हणजे सगळा खेळ त्या वेगळे करण्यावर आहे. काही ठिकाणी यंत्रावर 'वेगळा केला होता' असे बटण असते, पण ते दाबायचे कोणी? बादलीत डोकावणाऱ्या त्याच कामगाराने. यंत्राच्या मुळाशी शेवटी माणसाचाच डोळा.

आणि त्या माणसाकडे आपण कसे पाहतो? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. चंडीगढसारख्या इतर शहरांतही तसेच झाले. हे आमच्यावर पहारा ठेवणे आहे, अशी कामगारांची तक्रार होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. कचरा करणाऱ्याच्या मनगटाला काही नाही, उचलणाऱ्याच्या मनगटाला घड्याळ! उलट पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. तिथे दारात येणारी बाई घरच्या लोकांना ओळखते. 'ताई, हे वेगळं द्या' असे तोंडावर सांगते. ते सांगणे कोणत्याही ठिपक्यापेक्षा परिणामकारक असते.

दुसऱ्या बाजूला प्रदर्शने आली. दिल्लीला राजघाटाजवळ 8 ऑगस्ट 2020 रोजी राष्ट्रीय स्वच्छता केंद्राचे उद्घाटन झाले. चहूबाजूंनी वेढणारा चित्रपट, स्पर्शाने चालणारे पडदे, खेळ, सगळे काही तिथे आहे. मुलांना मौज वाटते, आणि मौजेतून शिकण्याला माझा विरोध नाही. मिरामारच्या विज्ञान केंद्रात दांडा फिरवून दिवा पेटवणारी मुले मी पाहिली आहेत, ती ते विसरत नाहीत. पण पडद्यावरच्या बादलीत बोटाने ढकललेली प्लास्टिकची पिशवी आणि स्वतःच्या घरातली पिशवी यांत एक मोठा फरक आहे. पडद्यावरच्या पिशवीला वास नसतो.

म्हणूनच मला वेंगुर्ल्याचे उदाहरण जास्त मोलाचे वाटते. ते आपल्या पेडण्यापासून फार दूर नाही. 2015 च्या सुमारास मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नगर परिषदेने कचऱ्याचे कितीतरी प्रकारांत वर्गीकरण करायला घेतले. ओल्यापासून वायू आणि खत, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, बाकीचे विक्रीला. जिथे कचऱ्याचे डोंगर होते ती जागा पाहण्याजोगी झाली आणि लोक ती पाहायलाही येऊ लागले. कचरा डेपो हेच प्रदर्शन झाले!

गोव्यात हे कळण्याची फार गरज आहे. आपली भूमी एवढीशी. सोनसड्याचा ढीग मे 2019 मध्ये पेटला तेव्हा मडगावकरांनी जो धूर गिळला तो अजून विसरलेला नसेल. कुडक्याला पणजीचा कचरा नको झाला, तेव्हा राजधानीला वसाहतींतच वर्गीकरण आणि खत करणे भाग पडले, आणि त्याचे कौतुक नंतर देशभर झाले. साळगावचा प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला, ओल्या कचऱ्यापासून तिथे वीज होते. तरीही नव्या प्रकल्पाचे नाव काढले की गाव उठते. लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. जे बंद फाटकाआड चालते त्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा त्यांचा रास्त प्रश्न आहे.

म्हणून मला वाटते, नियंत्रण कक्षातला तो भिंतभर पडदा अधिकाऱ्यांच्या खोलीतून बाहेर यावा. पंचायतीच्या दारात, मार्केटात, शाळेच्या व्हरांड्यात तो लागावा. आपल्या वाड्याने या महिन्यात किती टन दिले, त्यातले किती मिसळलेले निघाले, किती कुठे गेले, प्रकल्पातून बाहेर पडणारे पाणी कसे आहे, हे मराठीत आणि कोंकणीत लिहिलेले असावे. यंत्रे तीच, माहिती तीच, फक्त पाहणारा बदलायचा. कुडाळकरांची माणसे कंदील घेऊन गावात गेली, कारण राज्याच्या खर्चाने आणलेले ज्ञान प्रजेला दिसलेच पाहिजे असे त्यांना वाटत होते. कोयलीच्या कालव्याने घाण दूर नेली आणि तिच्याबरोबर जबाबदारीही नेली. ती परत आणायची तर आधी कचरा दिसला पाहिजे, आणि तो ज्याचा आहे त्यालाच दिसला पाहिजे.