नावं ठेवणारा मास्तर

पतंग म्हटलं की आम्हा नाशिककरांना येवल्याची संक्रांत आठवते. पण आजचा विषय मांजाशिवाय उडणारे पतंग. तेही अगदी बारके, पंख पसरून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. पंख भाल्याच्या पात्यासारखे अरुंद, कडेला झालर आणि काहींवर नारिंगी पट्टा नि चंदेरी ठिपके. म्हणून ह्यूब्नर नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८२५ मध्ये यांच्यातल्या एका गटाला 'कॉस्मोप्टेरिक्स' म्हटलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ साधारण 'नटलेले पंख'. पुढे अख्ख्या कुळाचंच नाव पडलं कॉस्मोप्टेरिजिडी.

भारतातल्या अशा असंख्य बारक्या पतंगांचं बारसं एकाच माणसाने केलंय: एडवर्ड मेरिक (१८५४-१९३८). गंमत म्हणजे हा इंग्लंडमधला शाळामास्तर! तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडासारख्या भागांतून त्याच्याकडे नमुने जायचे. त्यांची वर्णनं १९०५ पासून छापली ती आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलने. आयुष्यभरात चौदा हजारांवर नवी नावं, तीही मुख्यतः साध्या भिंगाच्या जोरावर. सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं तपासून जात ठरवायची पद्धत आली, पण मास्तरांनी ती काही मनावर घेतली नाही. मग गेट्स क्लार्क या अमेरिकन कीटकतज्ज्ञाने त्याचे नमुने नव्याने तपासून १९५५ ते १९७० दरम्यान आठ खंडांचा कॅटलॉग काढला. आमच्या भाषेत, लेगसी कोड समजून घेणं :)

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा किड्याच्या नावाने काय फरक पडतो?

पडतो. कापसाची गुलाबी बोंडअळी विज्ञानाला माहीत झाली तीच १८४० च्या दशकात, भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. २०१७ मध्ये तिने विदर्भात बीटी कापसाचं काय केलं ते आपण वाचलंच आहे. याच कापसाच्या बोंडात आपल्या नटव्या कुळातलीही एक अळी सापडते, अ‍ॅनाट्राकिंटिस सिम्प्लेक्स. तीही गुलाबीसर. खरी बोंडअळी धडधाकट बोंडात शिरून सरकी खाते. ही बहुतेक वेळा आधीच किडलेल्या, उकललेल्या बोंडात उष्टं-खरकटं खात बसते. म्हणजे चोर पळून गेल्यावर मागे राहिलेला, पण दिसायला चोरासारखा माणूस.

मालेगाव-येवल्याकडे कापूस लावणाऱ्याने हिलाच खरी समजून फवारणी केली, तर औषधाचे पैसे आणि मजुरी दोन्ही पाण्यात. दुसऱ्याला नावं ठेवायची आपल्याला हौस फार. पण नाव नीट ठेवणं हे खर्चाचं काम आहे, आणि न ठेवणं त्याहून महाग.