हूडू, हुडा आणि नेढं

अमेरिकेच्या युटा राज्यात ब्राइस कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान आहे. सनसेट पॉइंटच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली नारिंगी-तांबड्या दगडांचे शेकडो खांब दाटीवाटीने उभे दिसतात. कुठे जाड, कुठे बारीक, जणू कोणी लगोऱ्या रचून ठेवल्यात. त्यांना तिथे म्हणतात 'हूडू'. मराठी माणसाला हटकून 'हुडा' आठवावा; जुन्या मराठीत किल्ल्याच्या बुरुजाला हुडा म्हणत, आणि हे खांब पाहताना ते पटतंही. पण नुसत्या नादावरून व्युत्पत्ती लावायचा मोह आवरलेला बरा. या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

हूडू हा शब्द अमेरिकन इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात रुळला तो चेटूक, करणी या अर्थाने. 'व्हूडू'चंच ते रूप, असं सहसा मानतात. व्हूडूचं मूळ पश्चिम आफ्रिकेत. आजच्या बेनिनमधल्या फॉन भाषेत 'व्होडून' म्हणजे देवता. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ही देवता समुद्रापार गेली आणि परक्यांच्या तोंडी तिचं चेटूक झालं. शब्द आणखी घसरला. हूडू म्हणजे अपशकुनी माणूस, आपल्याकडचा पांढऱ्या पायाचा. पुढे तो विचित्र आकाराच्या दगडांना चिकटला आणि भूशास्त्राच्या पुस्तकांतही शिरला. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागला की देव होतो. इथे देवाचा दगड झाला!

या मुलखातल्या पायूट लोकांना मात्र या खांबांत माणसं दिसली. त्यांची कथा अशी: पूर्वी इथे पशू, पक्षी, सरडे अशा नाना जातींचे, पण माणसासारखे दिसणारे लोक राहत. ते वाईट वागले म्हणून कोयोटीने, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याने, त्यांना दगड करून टाकलं. कोणी उभे, कोणी बसलेले, चेहऱ्यावरचे रंग तसेच. शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावर ज्यांनी नवरा, नवरी, करवली आणि भटोबा हे सुळके पाहिलेत, त्यांना यात काही परकं वाटणार नाही. गोऱ्यांनी मात्र एका खांबाला थॉरचा हातोडा म्हटलं आणि दुसऱ्यात चक्क व्हिक्टोरिया राणी पाहिली. युटाच्या उजाड माळावर राणी!

'कॅन्यन'ही इथे लटकंच. स्पॅनिश 'कान्योन' म्हणजे नळी. नदीने कोरलेल्या अरुंद दरीचा तो शब्द. ब्राइस मात्र नदीने कोरलेलं नाही. पठाराची कड झिजून तयार झालेल्या अर्धगोल खोलग्यांची ती रांग आहे. एबेनेझर ब्राइस नावाचा एक वसाहतकरी पायथ्याशी राहायचा, म्हणून लोक त्याचं नाव घेऊ लागले. 1928 साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तेच नाव कायम झालं.

खांब घडतात ते बर्फामुळे. वर्षातले शंभराहून जास्त दिवस इथे दिवसा बर्फ वितळतो, पाणी फटीत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि दगड फोडतं. आधी पठारापासून पातळ भिंत सुटते. भिंतीला आरपार भोक पडतं. भोक मोठं होऊन माथा कोसळला की उरतात ते खांब. क्वीन्स गार्डनच्या वाटेने उतरताना या तिन्ही अवस्था शेजारीशेजारी दिसतात. मधल्या अवस्थेला इंग्रजी 'खिडकी' म्हणते. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे: नेढं. रतनगड, राजगड चढलेल्या कोणालाही तो सांगावा लागत नाही.

मग हूडूला 'सुळका' का म्हणू नये? माझ्या मते म्हणू नये. सुळक्यात सूळ आहे, म्हणजे टोक. हूडूच्या डोक्यावर बहुधा कठीण दगडाची टोपी असते, आणि तीच खालच्या मऊ थरांना पावसापासून वाचवते. भिंत आणि नेढं आपलं वापरावं. हूडूला हूडूच राहू द्यावं.