सातारा रोडला सातारा नाही, आणि आता जुनी लाईनही नाही

पाडळीच्या स्टेशनला 'सातारा रोड' नाव का पडलं, हे आपल्या तालुक्यातल्या पोरांना विचारून बघा. बहुतेकांना सांगता येणार नाही. इंग्रजांच्या काळात स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागलं की समजायचं, गाव लांब आहे, इथून पुढे रस्त्याने जा. कुर्डुवाडी म्हणजे बार्शी रोड, किर्लोस्करवाडी म्हणजे कुंडल रोड, तसंच आपलं सातारा रोड. इथे उतरून सातारकर दहा मैल टांग्यातनं, नाहीतर बैलगाडीतनं घरी जायचा.

1876-78 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्य पोचवायलाच वाट नव्हती. त्यानंतर 1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली आणि त्या दशकात पुण्याहून मिरजेकडे मीटरगेज आली. रुळांतलं अंतर एक मीटर, खर्च कमी. लोणंद, आदर्की, वाठार, सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर अशी ती जरंडेश्वराच्या पूर्वेनेच खाली उतरायची. डोंगराच्या पलीकडचं सातारा शहर बाजूलाच राहिलं. पण पाडळीचं नशीब उघडलं. धनजीशा कूपर यांचा कारखाना इथे आला, लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं इथून बाहेर पडली. हेच कूपर 1937 साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. (तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.) 7 जून 1943 ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इंग्रज सरकारच्या पगाराचा पैसा लुटला, ती पुणे-मिरज गाडीही याच मीटरगेजवरची.

मग 1970 च्या आसपास ब्रॉडगेज झाली. साताऱ्याला स्टेशन हवंच होतं आणि ते रास्तही होतं. जिल्ह्याचं ठिकाण आणि रेल्वे दहा मैलांवर, हे किती दिवस चालणार? म्हणून नवी लाईन जरंडेश्वराला वळसा घालून माहुलीकडे गेली आणि तिथून परत कोरेगावला आली. आजही वाठारहून कोरेगावला रेल्वेने येताना आधी साताऱ्याला जाऊन यावं लागतं, ते यामुळेच. सांगलीतही तेच झालं. 1907 पासून मिरज-सांगली अशी संस्थानची छोटी शाखा होती, ब्रॉडगेजमध्ये मुख्य लाईनच सांगलीत आली. सातारा रोड ते कोरेगाव हा सरळ तुकडा मात्र वाऱ्यावर राहिला.

आता मुद्द्यावर येतो. त्याच सुमाराला, 1965 साली, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने एलरॉय ते स्पार्टा ही बंद पडलेली 32 मैलांची लाईन विकत घेतली. रूळ निघाले होते, तीन बोगदे शिल्लक होते. 1967 ला तिथे चालायची-सायकलची वाट सुरू झाली. गावं आपल्यासारखीच, शेतकऱ्यांची. स्पेनने 1993 पासून अशा 'हिरव्या वाटा' केल्या, आज त्या तीन हजार किलोमीटरच्या पुढे आहेत. कारण साधं आहे. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून रेल्वेचा भराव अगदी सावकाश चढतो-उतरतो. म्हातारं माणूस चालेल, शाळेची पोरगी दप्तर लावून सायकल हाणेल, व्हीलचेअरही जाईल. आपल्या वाठार रोडवर उसाच्या ट्रॉल्यांतून सायकल घालून दाखवा बरं!

आणि वाटेत आहे काय? एका अंगाला कल्याणगड, दुसऱ्या अंगाला जरंडेश्वर. पुण्याची सायकलवाली मंडळी घेवड्याची आमटी खायला येतील की नाही बघा. पण माझ्या लेखी ते दुय्यम. आधी आपल्या पोरांचा शाळेचा रस्ता.

अडचण आहे, ती लपवत नाही. एवढ्या वर्षांत अशा जमिनीत कुणाचं पीक असतं, कुणाची वहिवाट असते, आणि कुणाच्या पणजोबाची जमीन तेव्हा रेल्वेने घेतलेली असते. अमेरिकेतही शेतकरी कोर्टात गेले होते. 1983 ला तिथे बंद लाईनची पट्टी अखंड ठेवायचा कायदा झाला, 1990 ला सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवला, पण जमीनवाल्याला मोबदला मागायची वाटही मोकळी ठेवली. मला हे पटतं. कुणाच्या ताटातलं ओढून सायकल ट्रॅक नको. आपल्याकडे तसा कायदा नाही. रेल्वेची रिकामी जमीन व्यापारी वापरासाठी देणारं प्राधिकरण मात्र 2006 पासून आहे. म्हणजे आपण झोपलो तर तुकडे पडायला वेळ लागणार नाही.

म्हणून पहिली मागणी डांबराची नाहीच, मोजणीची आहे. कोरेगावच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशे काढू. रेल्वेची पट्टी कुठल्या गटांतून जाते, आज सातबाऱ्यावर नाव कुणाचं, एवढं आधी कागदावर येऊ दे. मग पाडळी ते कोरेगाव प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत विषय ठेवू, आणि ज्यांची शेतं लागून आहेत त्यांना पहिलं बोलू देऊ.

ज्यांनी मीटरगेजमधून प्रवास केलाय त्या आजी-आजोबांना आज संध्याकाळी विचारा, लाईन नक्की कुठून जायची, मोऱ्या कुठे होत्या. जे सांगतील ते गावाच्या नावासकट खाली कमेंटमध्ये लिहा. जुना फोटो असेल तर तोही टाका.