चीनानी

पीचचं शास्त्रीय नाव 'प्रुनस पर्सिका'. पर्सिका म्हणजे पर्शियाचं, इराणचं. ग्रीक आणि रोमन लोकांकडे हे फळ इराणच्या वाटेने आलं, म्हणून त्यांनी ते तिथलंच धरलं. लिनियसने १७५३ साली तेच नाव कायम केलं. इंग्रजी 'पीच' हा शब्दही त्याच 'पर्सिका'चा झिजून झिजून झालेला. आणि गंमत अशी, की फळ मूळचं चीनचं!

माझी आणि पीचची ओळख उशिराची. मुलगी कॅलिफोर्नियात सनीवेलला असते. घरामागे दोन खाटा मावतील एवढं अंगण, आणि त्यात एका मोठ्या कुंडीत बुटका पीच. तिच्याकडे गेलो की पाणी घालायचं काम माझ्याकडे. हे सगळं सांता क्लारा खोरं एकेकाळी फळबागांचं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बागा तुटत गेल्या, घरं आणि कंपन्या आल्या. आता फळझाड हवं तर ते असंच, आटोपशीर.

झाड माझ्या खांद्याला लागतं. कुणी छाटून छाटून ठेंगणं ठेवलेलं नाही, ते जन्मतःच तसं. वाढीसाठी झाडात जिबरेलिन नावाचं संप्रेरक असतं. या जातीत ते असतं, पण त्याची हाक ऐकणारं जनुक बिघडलेलं असतं, असं संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. त्यामुळे दोन पेरांमधलं अंतर वाढत नाही आणि पानं झुपक्याने येतात. फळ मात्र नेहमीच्या आकाराचं. मला वाटलं होतं, हा अमेरिकन नर्सरीवाल्यांचा शोध. पण बुटके पीच चीनमध्येही जुनेच. तिथल्या एका जातीला दीर्घायुष्याच्या देवाचं नाव आहे.

मग पर्शियाची चूक कुणी काढली? आल्फोन्स द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने, एकोणिसाव्या शतकात. त्याचा एक मुद्दा भाषेच्या मास्तरला आवडावा असा आहे. फळ इराणचं असतं, तर शेजारच्या संस्कृतात आणि हिब्रूत त्याला जुनं नाव सापडायला हवं होतं. ते सापडत नाही. उलट चिनी ग्रंथांत ते फार आधीपासून आहे. पुढे चीनच्या झेजियांग प्रांतातल्या उत्खननात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या पीचच्या कोयी मिळाल्या.

आपल्याकडची हकीकत तर आणखी मजेची. सातव्या शतकात आलेला ह्यूएनत्संग (आपल्या पुलकेशीचं कौतुक करणारा तोच) पंजाबात 'चीनभुक्ती' नावाच्या प्रदेशात गेला होता. कनिष्काच्या काळी तिथे चीनकडचा एक राजपुत्र ओलीस ठेवला होता आणि त्यानेच पीच व नासपती इकडे आणली, असं त्याला सांगण्यात आलं. म्हणून पीचला लोक 'चीनानी' म्हणत आणि नासपतीला 'चीनराजपुत्र'! कथा किती खरी, हे इतिहासकारांनी ठरवावं. पण नावात पत्ता बरोबर होता. तो शब्द आपण हरवला. हिंदीत आडू झालं, फारसीत शफ्तालू, आणि आपण मराठी माणसं सरळ 'पीच' म्हणून मोकळे झालो.

नातीला कुणी 'तू कुठली?' विचारलं की ती 'सनीवेलची' म्हणते. तिचं चूक नाही, ती तिथेच जन्मली. जग माणसाला काय, फळाला काय, शेवटच्या मुक्कामावरून ओळखतं. मागचे मुक्काम सांगायला घरात कुणीतरी लागतं, एवढंच.

असो. कुणाला लावायचं असेल तर: दिवसभर ऊन हवं, कुंडीत पाणी साचता कामा नये, आणि हिवाळ्यात पुरेशी थंडी हवी, नाहीतर झाड नीट फुलत नाही. पुण्यात म्हणून आशा कमीच. फळं सुपारीएवढी झाली की मन घट्ट करून निम्म्याहून जास्त खुडायची. दोन फळांत वीतभर अंतर ठेवलं तरच उरलेली भरतात. हे काम मात्र नात करते, माझा हात होत नाही. पीच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फळतो आणि पंधरा-वीस वर्षांत थकतो. माझ्या वयाला हा हिशेब परवडतो.

नात आता त्याला 'चीनानी' म्हणते. उच्चार थोडा अमेरिकन आहे.