किल्लारीखाली खरंच ज्वालामुखी आहे का?

मी धाराशिव जिल्ह्यातला. लहानपणी आजी सांगायची, "खाली लाव्हा उकळतोय, म्हणून किल्लारी हलली." इंजिनिअर झाल्यावर म्हटलं, हिशोबच मांडून बघू.

आधी स्फोट कसा मोजतात ते. २७ ऑगस्ट १८८३ ला इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला. आवाज ४,८०० किमीवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला अनेक फेऱ्या मारत जगभरच्या वायुभारमापकांवर उमटली. अशा नोंदी आणि उडालेली राख यांवरून ऊर्जेचा अंदाज बांधतात. क्राकाटोआसाठी नेहमी सांगितला जाणारा आकडा आहे २०० मेगाटन टीएनटी. १९८२ मध्ये न्यूहॉल आणि सेल्फ यांनी ० ते ८ अशी मोजपट्टी दिली: राख-दगड किती उडाले, किती उंच गेले. क्राकाटोआला ६ मिळतात.

आता आपलं पठार. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण तो बहुतेक भेगांमधून सांडला, थरावर थर. सांडलेला लाव्हा ही मोजपट्टी धरतच नाही! मग उष्णता मोजू. १ घन किमी लाव्हा म्हणजे साधारण २७० कोटी टन. तो थिजून गार होताना जवळपास १,००० मेगाटनांइतकी उष्णता सोडतो, म्हणजे पाच क्राकाटोआ. आणि दख्खनवर असा लाव्हा किमान काही लाख घन किमी होता. पण ही ऊर्जा लाखो वर्षांत, सावकाश बाहेर पडली.

आता ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. तीव्रता ६.२ धरली तर सूत्रानं ऊर्जा येते फक्त ३० किलोटनांच्या आसपास. १ घन किमी लाव्ह्याच्या उष्णतेच्या तीस हजाराव्या भागाएवढी. तरी किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली.

कारण ज्वालामुखी नव्हता. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकतोय, त्या ताणानं खोलवरचा खडक तुटला. लाव्हा तर केव्हाच थिजलाय. माणसं मेली ती घरांखाली: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. आणि तो दगड कुठला? त्याच लाव्ह्याचा.

म्हणजे आजी अगदीच चुकली नव्हती. लाव्हा होता, पण खाली उकळत नव्हता, भिंतीत होता.

तर मंडळी, मेगाटन ऐकून घाबरू नका. आधी स्वतःच्या घराची भिंत बघा. गावाकडे जुनं माळवदाचं घर असेल, तर आजच फोन करून विचारा: रात्री त्यात कोण झोपतं?